स्लीपला टाकलेला डेस्कटॉप पूर्ण बंद होतोय? पार्ट बदलण्याआधी नोंदी बघा

लक्षण साधारण असं असतं. कॉम्प्युटर स्लीपला टाकला, किंवा कोणी हात लावत नाही म्हणून तो आपणच स्लीपमध्ये गेला. परत येऊन कीबोर्डचं बटण दाबलं, माउस हलवला, तरी काही हालचाल नाही. शेवटी कॅबिनेटवरचं पॉवर बटण दाबावं लागतं, मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. कधी रोज, कधी आठवड्यातून एखाद्या वेळी.

यावर मिळणारे सल्ले ठरलेले आहेत. ड्रायव्हर अपडेट करा, बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदला. यातला एखादा लागूही पडतो, पण कोणता ते आधी सांगता येत नाही. कारण तीन अगदी वेगळ्या घटना बाहेरून एकसारख्या दिसतात. एक, कॉम्प्युटर मुळात बंद झालेलाच नाही, तो हायबरनेटमध्ये गेलाय. दोन, विंडोजने किंवा एखाद्या प्रोग्रामने त्याला रीतसर बंद केलंय. तीन, त्याची वीज तुटलीय किंवा तो स्लीपच्या वाटेवर कोसळलाय. पहिलीवर एसएमपीएस बदलून काही होत नाही आणि तिसरीवर विंडोजची सेटिंग बदलून काही होत नाही. म्हणून आधी छडा लावायचा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा.

थोडी पार्श्वभूमी लागेल. कॉम्प्युटरच्या झोपण्या-उठण्याचे नियम एसीपीआय नावाच्या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ च्या डिसेंबरमध्ये आणलं. त्यात एस-० म्हणजे चालू स्थिती, एस-३ म्हणजे नेहमीचं स्लीप, एस-४ म्हणजे हायबरनेट आणि एस-५ म्हणजे बंद. एस-३ मध्ये प्रोसेसर, पंखे, डिस्क या सगळ्यांची वीज जाते, फक्त रॅम जिवंत राहते. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मग मशीन बंदच होतं. त्यामुळे हायबरनेट झालेला डेस्कटॉप आणि बंद केलेला डेस्कटॉप नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत. दोन्हींना सहसा बटण दाबूनच उठवावं लागतं आणि दोन्हींत लोगो दिसतो. खऱ्या एस-३ मधून उठताना मात्र लोगो येत नाही, दोन-चार सेकंदांत स्क्रीन समोर येतो. स्लीपमध्ये असताना बहुतेक कॅबिनेटचा पॉवर एलईडी लुकलुकतो किंवा रंग बदलतो. तो पूर्ण विझलेला असेल तर मशीन बहुधा एस-३ मध्ये नाही.

छडा कसा लावायचा

कॅल्क्युलेटर उघडा, एक संख्या टाइप करा आणि मशीन स्लीपला टाका. पुढच्या वेळी 'बंद पडलेला' सापडला की सुरू करून बघा. कॅल्क्युलेटर त्याच संख्येसकट समोर असेल तर काहीच हरवलेलं नाही, मशीन डिस्कवरून उठलंय. ही चाचणी नोटपॅडवर करू नका. विंडोज ११ मधलं नोटपॅड सेव्ह न केलेला मजकूरही स्वतः जपून ठेवतं, त्यामुळे मशीन खरोखर बंद होऊन सुरू झालं तरी मजकूर जागेवर दिसतो आणि आपली फसगत होते. टास्क मॅनेजरमधल्या 'अप टाइम'वरही डोळे मिटून भरवसा नको. फास्ट स्टार्टअप (विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर नेहमीसारखं शटडाउन केल्यावरही तो आकडा शून्यावर येत नाही.

खरी माहिती इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत असते. त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टीम' उघडा, आणि मशीन झोपलं त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. कर्नल-पॉवर या नावाखालची ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे 'सिस्टीम स्लीपमध्ये जात आहे'. तिच्यातच कारणही लिहिलेलं असतं: बटण दाबलं, मशीन रिकामं होतं, की एखाद्या प्रोग्रामने सांगितलं. इथे 'हायबरनेट फ्रॉम स्लीप' असे शब्द दिसले तर शोध तिथेच संपला. १०७ ही झोपेतून उठल्याची नोंद. १०७४ दिसली तर कुणीतरी रीतसर शटडाउन किंवा रीस्टार्ट मागितला होता, आणि कोणत्या प्रोग्रामने मागितला त्याचं नावही तिथेच असतं. रात्री अपडेट लावून झालेला रीस्टार्ट, कधीतरी बसवलेला 'इतक्या वाजता बंद कर' छापाचा प्रोग्राम, टास्क शेड्यूलरमधलं विसरलेलं काम, हे सगळे इथे सापडतात. त्यात विशेष निदान करण्यासारखं काही नाही. नाव वाचायचं आणि ते काम बंद करायचं.

उरते ती ४१. या नोंदीइतकी बदनाम नोंद दुसरी नसेल. '४१ आली म्हणजे एसएमपीएस गेला' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. प्रत्यक्षात ही नोंद मशीन बंद पडताना होतच नाही, ती पुढच्या वेळी सुरू होताना होते आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. कारण ती सांगत नाही. पण तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये तीन आकडे असतात आणि ते फार कमी लोक उघडून बघतात.

'बगचेक कोड' शून्य नसेल तर विंडोज निळा स्क्रीन देऊन कोसळलं होतं. स्लीपच्या बाबतीत हमखास दिसणारा आकडा १५९. त्याचा अर्थ एखाद्या ड्रायव्हरने 'झोप' किंवा 'ऊठ' या हुकमाला वेळेत उत्तर दिलं नाही. 'पॉवर बटण टाइमस्टँप' शून्य नसेल तर पॉवर बटण चार सेकंदांहून जास्त दाबलं गेलं होतं. आणि 'स्लीप इन प्रोग्रेस' शून्य नसेल तर मशीन झोपेच्या वाटेवर असताना गेलं. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर बहुधा विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटली, आणि मग शोध बाहेरच्या वायरींकडे वळवायचा.

मशीन हायबरनेटच होत असेल तर

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनची प्रगत सेटिंग उघडा. 'स्लीप' या शीर्षकाखाली 'हायबरनेट आफ्टर' असतं. तिथे १८० मिनिटं असतील तर मशीन आधी झोपतं, तीन तासांनी स्वतःच जागं होऊन सगळं डिस्कवर लिहितं आणि बंद होतं. जेवायला उठलात तर ठीक, रात्रभर ठेवलं तर सकाळी 'बंद', असा नमुना दिसला की संशय इथेच घ्यायचा. ते 'नेव्हर' करा, म्हणजे प्रश्न मिटला.

त्याच यादीत 'हायब्रिड स्लीप' आहे. ही सोय विंडोज व्हिस्टापासून खास डेस्कटॉपसाठी आली. मशीन एस-३ मध्ये जाता जाता रॅमची एक प्रत डिस्कवरही ठेवतं, म्हणजे मधेच वीज गेली तरी काम वाचतं. सोय चांगली आहे, पण निदान करताना ती आड येते. झोपेत वीज तुटत असली तरी मशीन डिस्कवरून गुपचूप उठतं, ४१ ची नोंद होत नाही, आणि आपल्याला वाटतं की हायबरनेटच झालं. म्हणून कारण सापडेपर्यंत हायब्रिड स्लीप बंद ठेवा आणि मशीन सोडून जाताना काम सेव्ह करा. आता वीज तुटली तर स्वच्छ ४१ मिळेल.

मशीनला कोणत्या प्रकारची झोप येते हेही विचारून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' ही कमांड, म्हणजे पॉवर या शब्दाला लागूनच सी, एफ, जी, मग एक जागा, तिरकी रेघ आणि ए. उत्तरात दोन याद्या येतात: या मशीनवर काय चालतं आणि काय चालत नाही, शिवाय का चालत नाही. एस-३ दुसऱ्या यादीत असेल आणि कारणात ग्राफिक्सचा उल्लेख असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, विंडोज आपल्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालतंय. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. फर्मवेअर (म्हणजे बायोस) साथ देत नाही असं लिहिलेलं असेल तर बायोसमध्ये 'सस्पेंड टू रॅम' किंवा 'एसीपीआय सस्पेंड टाइप' शोधा. तिथे एस-१ (त्याहून हलकी झोप) निवडलं असेल किंवा ते बंदच असेल तर एस-३ करा.

बटणाची गोष्ट

स्लीप देण्याचे सगळे मार्ग वेगवेगळे करून बघा: स्टार्ट मेनूतून, कीबोर्डवरून, टायमरने, कॅबिनेटच्या बटणाने. मेनूतून दिलं तर नीट झोपतं आणि कॅबिनेटच्या बटणाने दिलं तर बंद होतं, असं दिसलं तर आधी 'पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं' हे सेटिंग बघा. तिथे शटडाउन असेल तर बिचारं मशीन सांगितलेलंच करतंय.

सेटिंग बरोबर असूनही बंद होत असेल तर बटणच अडकत असण्याची शक्यता आहे. बटण चार सेकंदांहून जास्त दाबलेलं राहिलं की मशीन सक्तीने बंद व्हावं, हा नियम एसीपीआयमध्येच आहे आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमला न विचारता अमलात येतो. धूळ बसलेलं किंवा स्प्रिंग थकलेलं बटण एकदा दाबलं की आत रुतून बसतं. पहिल्या क्षणी स्लीपचा हुकूम जातो, चार सेकंदांनी सक्तीचं बंद. मशीन झोपायला निघालं आणि मग मेलं, असं हुबेहूब दिसतं. मघाचा टाइमस्टँप इथे कामी येतो. खात्रीसाठी मदरबोर्डवरून पॉवर स्विचची दोन तारांची पिन काढा, रीसेट बटणाची पिन त्या जागी लावा आणि काही दिवस रीसेट बटणानेच मशीन चालू करा. या उपायाला खर्च शून्य आहे, म्हणून मी तो पार्ट बदलण्याच्या खूप आधी करायला सांगतो.

वीज तुटत असेल तर

स्लीपमध्ये गेल्यावर एसएमपीएसच्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मुख्य लाइन बंद होतात. एकच लाइन चालू राहते, ५ व्होल्ट स्टँडबाय. रॅम तिच्यावर तगते, कीबोर्डने उठवायची सोय तिच्यावर चालते, नेटवर्कवरून उठवायची सोयही तिच्यावरच. म्हणून दिवसभर गेम खेळताना एकदाही न अडखळणारं मशीन झोपेत मरू शकतं. मुख्य लाइन ठणठणीत आणि स्टँडबाय अशक्त, अशी स्थिती शक्य असते. 'एसएमपीएस तर नवा आहे, लोडवर नीट चालतो' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

पण एसएमपीएसपर्यंत जाण्याआधी भिंतीपासून सुरुवात करा. काही यूपीएसमध्ये वीज वाचवण्याची एक सोय असते: बॅटरीवर चालताना जोडलेला भार अगदी कमी दिसला तर जोडलेलं काही नाही असं समजून यूपीएस स्वतःला बंद करतो. जागा डेस्कटॉप शंभर वॅट घेत असेल तर झोपलेला जेमतेम काही वॅट घेतो. मधे थोडा वेळ वीज गेली, यूपीएसने बॅटरी धरली, भार दिसला नाही, यूपीएस बंद. यूपीएसच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा. नसेल तर चाचणीपुरतं मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा.

असाच दुसरा चोर म्हणजे 'स्मार्ट' एक्स्टेंशन बोर्ड. त्यात एक सॉकेट मुख्य असतं आणि मुख्य उपकरण झोपलं की बाकीच्या सॉकेटची वीज आपोआप तुटते. मुख्य सॉकेटला मॉनिटर आणि बाकीच्यांत कॉम्प्युटर लावलेला असेल, तर मॉनिटर काळा झाल्यावर बोर्ड कॉम्प्युटरचीच वीज कापतो. हे कळेपर्यंत लोक रॅम बदलून बसलेले असतात.

मग यूएसबी. स्टँडबाय लाइन साधारण २.५ ते ३ अँपिअरची असते, म्हणजे १२.५ ते १५ वॅट. नेमका आकडा एसएमपीएसच्या लेबलवर 'व्हीएसबी' या रकान्यात छापलेला असतो. जुन्या किंवा हलक्या एसएमपीएसवर तो आणखी कमी असू शकतो. बरेच मदरबोर्ड झोपेतही यूएसबी पोर्टना वीज देतात. त्यावर दिव्यांची रोषणाई करणारा कीबोर्ड, भरलेला हब आणि चार्जिंगला लावलेला फोन असेल तर ही लाइन सहज दमते. कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं काढा, फोनचा चार्जर वेगळा ठेवा आणि तसंच काही दिवस चालवून बघा. त्रास थांबला तर एकेक वस्तू परत लावत जा. एखाद्या पोर्टमधल्या पिना वाकून एकमेकींना टेकल्या आहेत का, तेही टॉर्च मारून बघा.

मल्टीमीटर असेल तर स्टँडबाय थेट मोजता येते. नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसमध्ये २४ पिनच्या कनेक्टरवरची जांभळी तार, म्हणजे ९ क्रमांकाची पिन. सगळ्या केबल काळ्या असतील तर पिन मोजूनच जावं लागतं. काळी प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूला, लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने जांभळ्या तारेच्या पिनला. लाल टोक शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. मशीन झोपलेलं असताना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. जागेपणी ५ आणि झोपेत ४.६ दिसत असतील तर गुन्हेगार सापडला. कंपनीने जोडून दिलेल्या काही डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस वेगळ्या पद्धतीचा असतो, तिथे हे पिन क्रमांक लागू नाहीत. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. दुरुस्ती जाणकाराची, आपलं काम बदलण्यापुरतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र बघता येतात. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी चिकटा दिसला तर झोपेची तक्रार ही पुढच्या त्रासाची पहिली पायरी असते.

रॅम आणि बायोस

रॅमच्या डब्यावर लिहिलेला वेग बहुतेक वेळा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाचं सेटिंग चालू केल्यावरच मिळतो, आणि तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. एस-३ मधून उठताना बायोस रॅमची सगळी जुळवणी नव्याने करत नाही, झोपण्याआधीची साठवलेली मापं परत लावतो. ती बसली नाहीत की मशीन क्षणभर सुरू होतं, बंद होतं आणि मग पहिल्यापासून उठतं. बाहेरून वाटतं की झोपेत बंद पडलं होतं. खरं तर झोप नीट लागली होती, जागच नीट आली नाही. एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर काही दिवस ठेवा. फरक पडला तर बायोस अपडेट करा, कारण रॅमच्या जुळवणीतले दोष बायोसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये अनेकदा सुधारलेले असतात.

मेमटेस्टमध्ये रॅम पास झाली म्हणून ती यादीतून खोडू नका. ती चाचणी जाग्या रॅमची आहे. झोपेतली रॅम स्वतःच स्वतःला ताजी ठेवत असते आणि त्या अवस्थेची परीक्षा मेमटेस्ट घेत नाही. दोन कांड्या असतील तर एकेक लावून झोपवून बघणं हीच खरी परीक्षा.

बायोसमधलं 'ईआरपी' बंद करा, असाही सल्ला सर्रास मिळतो. ते सेटिंग एस-५ मध्ये, काही बोर्डांवर एस-४ मध्येही, स्टँडबाय वीज जवळजवळ शून्यावर आणण्यासाठी आहे. एस-३ शी त्याचा संबंध नाही. हायबरनेट झालेलं मशीन कीबोर्डने उठत नसेल तर ते बघा, एरवी वेळ घालवू नका.

ड्रायव्हरवर संशय असेल तर

बगचेक कोड १५९ आला असेल तरच इथे मेहनत घ्या. चिपसेट, ग्राफिक्स आणि नेटवर्क हे तीन ड्रायव्हर मदरबोर्ड किंवा कार्डाच्या कंपनीकडून थेट घ्या. वायफायचा यूएसबी डाँगल, जुनं कॅप्चर कार्ड, प्रिंटरचा हट्टी ड्रायव्हर हे नेहमीचे संशयित.

विंडोज की हार्डवेअर, हा वाद मिटवायला एक नामी उपाय आहे: लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा, डिस्कवर काही न टाकता त्यावरून मशीन सुरू करा आणि तिथून सस्पेंड करा. आधी एवढंच बघा की सस्पेंडचा प्रकार 'डीप' निवडलेला आहे, कारण 'एस-टू-आयडल' प्रकारात रॅम सोडून बाकीची वीज तशी तोडली जात नाही आणि चाचणी निरर्थक ठरते. इथे पाच-सहा वेळा, त्यात एकदा रात्रभर, मशीन नीट झोपून उठलं तर संशय विंडोजवर किंवा त्यातल्या ड्रायव्हरवर जातो. तिथेही मेलं तर विंडोज नव्याने टाकून काही मिळणार नाही, हे पुराव्यासह कळतं. दुकानात मशीन नेताना ही एक गोष्ट सांगितली तरी पहिला 'फॉरमॅट मारून बघू' हा टप्पा वाचतो.

एवढं करून बोट एसएमपीएसकडेच गेलं तर विकत घेण्याआधी ओळखीतल्या कुणाचा दोन दिवसांसाठी आणून लावा. फक्त मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस असेल तर जुन्या केबल नव्या डब्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असते, आणि चुकीची केबल डिस्क जाळते.

तोवर काम अडायला नको. स्लीपचा टायमर 'नेव्हर' करा आणि तुम्ही जागेवरून उठताना मशीन हायबरनेट करा. मेनूत तो पर्याय दिसत नसेल तर पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये हायबरनेटसमोर टिक करता येते, किंवा 'शटडाउन', एक जागा, तिरकी रेघ आणि एच अशी कमांड देऊन तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवता येतो. मशीनला उठायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण स्टँडबाय लाइन कितीही दमलेली असली तरी डिस्कवर उतरवलेलं काम जात नाही.